देखभाल प्रणाली आणि ईआरपी यांच्या एकात्मतेचा इतिहास : संगणकप्रणालीच्या निवडीसंदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :

कारखान्यातील एखादा पंप बंद पडला की त्या एका घटनेची नोंद किमान तीन ठिकाणी होते. फोरमन आपल्या लॉगबुकात पंप केव्हा थांबला, काय बिघडले व कोणी दुरुस्त केले ते लिहितो. भांडारपाल बिन कार्डावरील शिलकेतून एक बेअरिंग कमी करतो. लेखा विभाग त्या बेअरिंगची किंमत दुरुस्ती खात्यावर खर्ची टाकतो. घटना एकच, परंतु नोंदी तीन, त्या लिहिणारे हात तीन आणि त्यामागील प्रश्नही तीन. फोरमनचा प्रश्न 'का बिघडले?' हा असतो, भांडारपालाचा 'किती शिल्लक आहे?' हा, तर लेखापालाचा 'खर्च कोणाच्या नावे?' हा.

या तीन नोंदी परस्परांशी जुळाव्यात ही अपेक्षा संगणकापेक्षा जुनी आहे. संगणकामुळे ती सहज पूर्ण होईल असा विश्वास मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाला. त्यातूनच एका बाजूला संगणकीकृत देखभाल व्यवस्थापन प्रणाली आणि दुसऱ्या बाजूला एन्टरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग म्हणजेच ईआरपी अशा दोन प्रकारच्या प्रणाली उदयास आल्या. ईआरपी अगोदरच वापरणाऱ्या कंपनीपुढे आज एक प्रश्न हमखास उभा राहतो. देखभालीसाठी ईआरपीमधीलच विभाग वापरावा, की स्वतंत्र प्रणाली घेऊन ती ईआरपीला जोडावी? या प्रश्नाची चर्चा बहुधा सोयींची यादी आणि किंमत यांभोवती फिरते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न मुळात तांत्रिक नसून कोणत्या नोंदीवर कोणाचा अधिकार याचा आहे, आणि हे या प्रणालींच्या इतिहासातूनच स्पष्ट होते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) देखभाल प्रणाली व ईआरपी यांच्या स्वतंत्र उगमांचा मागोवा घेणे.
२) या दोहोंना जोडण्याच्या प्रयत्नांचे व नोंदींच्या विसंगतीतून उद्भवलेल्या परिणामांचे विवेचन करणे.
३) त्या आधारे प्रणाली निवडीचे काही निकष सुचविणे.

अभ्यास पद्धती व मर्यादा :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. या प्रणालींचा विकास प्रामुख्याने ब्रिटन, अमेरिका, जपान व जर्मनी येथे झाला, म्हणून उदाहरणेही तेथीलच आहेत. भारतीय संदर्भ कायद्याची चौकट व एका परिचित उद्योगाचे उदाहरण यांपुरता मर्यादित ठेवला आहे.

१. यंत्रशाळेची वही :

देखभालीच्या नोंदींचे मोल पद्धतशीरपणे प्रथम लक्षात आले ते दुसऱ्या महायुद्धात. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड हाल वॅडिंग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक विपरीत गोष्ट आढळली. ठराविक उड्डाणतासांनंतर होणाऱ्या नियमित तपासणीनंतर बिघाड कमी होण्याऐवजी वाढत होते. चांगल्या स्थितीतील यंत्र उघडल्यामुळेच नवे दोष निर्माण होत होते. वॅडिंग्टन यांचा हा वृत्तांत ग्रंथरूपाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. हा निष्कर्ष खर्चाच्या आकड्यांवरून कधीच निघाला नसता. त्यासाठी कोणता भाग, कोणत्या दिवशी, कोणत्या कामानंतर बिघडला ही नोंद आवश्यक होती.

हाच धागा पुढे नागरी विमान वाहतुकीत दिसतो. बोइंग ७४७ या विमानाच्या देखभालीचा आराखडा ठरविण्यासाठी १९६८ मध्ये 'एमएसजी-१' ही कार्यपद्धती तयार झाली. युनायटेड एअरलाइन्सचे एफ. स्टॅन्ले नोलन व हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी १९७८ मध्ये विश्वसनीयता-केंद्रित देखभालीवरील अहवाल सादर केला. त्यांनी अभ्यासलेल्या विमानभागांपैकी केवळ सुमारे ११ टक्के भागांच्या बाबतीत वयोमर्यादा ठरवून भाग बदलणे उपयुक्त ठरण्यासारखे होते. उरलेल्या ८९ टक्के भागांना अशा मर्यादेचा लाभ नव्हता. 'जुने झाले म्हणून बदला' या सर्वमान्य समजुतीला हा मोठा धक्का होता.

जपानमध्ये सेइइची नाकाजिमा यांनी अमेरिकन प्रतिबंधक देखभालीचा अभ्यास करून 'टीपीएम' म्हणजे संपूर्ण उत्पादक देखभाल ही संकल्पना मांडली. निप्पॉनडेन्सो या कंपनीतील १९७१ च्या सुमाराचा प्रयोग तिचा आरंभ मानला जातो. यंत्र चालविणाऱ्या कामगारानेच त्याच्या प्राथमिक देखभालीची जबाबदारी घ्यावी, हे तिचे सूत्र होते. साहजिकच नोंद करण्याचे कामही यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाकडे आले.

या तिन्ही उदाहरणांतून एक समान बाब दिसून येते. देखभालीच्या ज्ञानाचा उगम यंत्राजवळच्या तपशीलवार नोंदीत आहे. ती नोंद जितकी सूक्ष्म, तितके तिचे मोल अधिक.

२. हिशेबाची वही :

ईआरपीची वंशावळ निराळी आहे. आयबीएममध्ये कार्यरत असलेले जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६० च्या दशकात 'एमआरपी' म्हणजे साहित्य गरज नियोजनाची पद्धत विकसित केली. ब्लॅक अँड डेकर ही १९६४ मध्ये ही पद्धत अवलंबणारी पहिली कंपनी मानली जाते. ऑर्लिकी यांचा या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये आला. या पद्धतीचा गाभा 'अवलंबित मागणी' हा आहे. पुढील महिन्यात शंभर ड्रिल मशिने तयार करावयाची आहेत व प्रत्येकात दोन बेअरिंग लागतात, एवढे ठाऊक असले की दोनशे बेअरिंगांची गरज गणिताने काढता येते. अंदाज बांधावा लागत नाही.

येथेच देखभालीशी असलेल्या विसंवादाचे मूळ आहे. पंप कधी बंद पडेल हे उत्पादनाच्या आराखड्यात लिहिलेले नसते. बिघाडामुळे लागणाऱ्या सुट्या भागांची मागणी स्वतंत्र व संभाव्यतेच्या नियमाने चालणारी असते. एखादा महागडा भाग पाच वर्षे भांडारात पडून राहतो आणि एका रात्री तो नसेल तर सर्व उत्पादन ठप्प होते. एमआरपीच्या दृष्टीने असा न हलणारा माल म्हणजे अडकलेले भांडवल. देखभाल विभागाच्या दृष्टीने तो विमा होय. प्रतिबंधक देखभालीची गोष्ट मात्र वेगळी. तिची तारीख आधी ठरलेली असल्याने तिला लागणारे भाग एमआरपीच्या गणितात बसू शकतात. म्हणजे देखभालीचा एक भाग ईआरपीच्या तर्काशी मूलतः सुसंगत आहे, तर दुसरा मूलतः विसंगत. निवडीच्या चर्चेत हा भेद क्वचितच केला जातो.

ऑलिव्हर वाइट यांनी पुढे एमआरपीला उत्पादनक्षमता व वित्त यांची जोड देऊन 'एमआरपी-२' ही संकल्पना रूढ केली. दरम्यान १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी पश्चिम जर्मनीत एसएपी ही कंपनी स्थापन केली. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजचा ओस्ट्रिंगेन येथील नायलॉन कारखाना हा तिचा पहिला ग्राहक. १९७३ मध्ये पूर्ण झालेली तिची पहिली प्रणाली वित्तीय लेखांकनाची होती. साहित्य, उत्पादन व देखभाल हे विभाग या पायावर नंतर चढले. 'ईआरपी' ही संज्ञा १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने प्रचारात आणली आणि १९९२ मध्ये एसएपीची 'आर/३' ही प्रणाली बाजारात आली. या घराण्याचा मूळपुरुष लेखापाल आहे, फिटर नव्हे, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३. दोन घराण्यांची जोडणी :

१९८० च्या दशकात लघुसंगणक व वैयक्तिक संगणक स्वस्त झाले, तेव्हा देखभाल विभागांनी मुख्य संगणक कक्षाची वाट न पाहता आपली स्वतंत्र प्रणाली घेण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील पीएसडीआय या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने १९८५ मध्ये 'मॅक्सिमो' ही प्रणाली आणली. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या डेटास्ट्रीम कंपनीची 'एमपी२' ही प्रणालीही याच काळातील. या प्रणाली यंत्रशाळेच्या भाषेत बोलत. कार्यादेश, यंत्राचा पूर्वेतिहास, बिघाडाचे कारण, तपासणीचे वेळापत्रक हे त्यांचे केंद्र होते. परंतु त्यांना भांडारही हवेच होते, म्हणून त्यांनी आपले वेगळे भांडार निर्माण केले. एकाच बेअरिंगला दोन प्रणालींत दोन क्रमांक मिळू लागले.

यावर उपाय म्हणून जोडण्या आल्या. सुरुवातीची जोडणी म्हणजे रात्री एकदा एका संगणकाने फाइल लिहावयाची व दुसऱ्याने ती वाचावयाची. सकाळी दिसणारी शिल्लक दुपारी खरी असेलच याची खात्री नसे. नंतर तत्काळ संदेश पाठविणाऱ्या पद्धती आल्या व विलंब कमी झाला. तरीही मूळ प्रश्न उरलाच. संदेश मध्येच अडकला तर ते कोणाला कळणार, व दोन आकडे भिन्न असतील तर खरा कोणता मानावयाचा?

१९९० च्या दशकाच्या अखेरीस 'वाय-टू-के' समस्येच्या भीतीने अनेक कंपन्यांनी घाईने जुन्या प्रणाली काढून ईआरपी स्वीकारली. घाईच्या जोडणीचे सुपरिचित उदाहरण अमेरिकेतील हर्षे या चॉकलेट कंपनीचे आहे. तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या प्रणाली जोडण्याचा ४८ महिन्यांचा म्हणून सुचविलेला प्रकल्प ३० महिन्यांत बसविण्यात आला आणि जुलै १९९९ मध्ये, म्हणजे हॅलोवीनच्या मागणीच्या तोंडावर, सुरू करण्यात आला. माल गोदामात असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या कंपनी पुरवू शकली नाही. हे उदाहरण देखभालीचे नाही. परंतु जोडणीचा मुहूर्त कामाच्या ओघाने न ठरता मुदतीच्या धाकाने ठरला की काय होते, हे ते दाखविते.

यानंतरचा टप्पा विलीनीकरणाचा होय. पीएसडीआयचे नाव बदलून झालेली एमआरओ सॉफ्टवेअर ही कंपनी आयबीएमने २००६ मध्ये सुमारे ७४ कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी डेटास्ट्रीम ही ईआरपी क्षेत्रातील इन्फोर कंपनीच्या मालकीची झाली. मालक एक झाला म्हणून प्रणाली एक होतेच असे नाही. दोन स्वतंत्र रचनांवर एकच नाममुद्रा लागते, पण आतील क्रमांक, संकेत व नोंदी भिन्नच राहू शकतात. खरेदीदाराने नाममुद्रेपलीकडे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

४. न जुळलेले दोन परवाने :

नोंदी परस्परांशी जोडलेल्या नसल्याची किंमत केवळ पैशात मोजली जात नाही. उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या तेल व वायू उत्पादन मंचावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या दुर्घटनेत १६७ जण मृत्युमुखी पडले. लॉर्ड कलन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून समोर आलेला घटनाक्रम देखभालीच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचण्याजोगा आहे.

मंचावर कंडेन्सेट दाबाने पुढे पाठविणारे 'ए' व 'बी' असे दोन पंप होते. 'ए' पंप देखभालीसाठी बंद केला होता व त्यासाठी एक कार्यपरवाना निघाला होता. त्याच पंपाशी संबंधित दाबनियंत्रक सुरक्षा झडप तपासणीसाठी काढली होती व तिचा परवाना वेगळा होता. झडपेच्या जागी तात्पुरती झाकणपट्टी बसविली होती. संध्याकाळी पाळी बदलली. रात्री पावणेदहाच्या सुमारास 'बी' पंप बंद पडला व पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना 'ए' पंपाचा परवाना ठाऊक होता आणि त्या पंपाचे मुख्य काम अद्याप सुरू झालेले नव्हते; म्हणून तो पुन्हा वापरात आणता येईल असा त्यांचा समज झाला. झडप काढल्याची गोष्ट त्यांना कळली नव्हती. दोन परवाने एकमेकांशी जोडलेले नव्हते. पंप सुरू करण्याच्या प्रयत्नात झाकणपट्टीतून झालेली गळती हेच पहिल्या स्फोटाचे सर्वाधिक संभाव्य कारण असल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. अहवालात एकूण १०६ शिफारशी करण्यात आल्या.

येथे लक्षात घ्यावयाची बाब अशी की, नोंद झालीच नव्हती असे नाही. दोन्ही कागद अस्तित्वात होते. झडप ही पंपाचाच घटक आहे, हे नाते मात्र कागदावर नव्हते. देखभाल प्रणालीत यंत्रांची उतरंड मांडतात, म्हणजे संयंत्र, त्यातील यंत्र, यंत्रातील भाग, ती नेमकी याच नात्याची नोंद असते. लेखा विभागाच्या मालमत्ता नोंदवहीत मात्र एवढ्या बारकाईची गरज नसते. तेथे संपूर्ण संयंत्राची एकच ओळ असू शकते. ईआरपीशी एकात्मता साधताना 'एकच यादी ठेवू' या आग्रहापोटी जर लेखा विभागाची ढोबळ यादी प्रमाण मानली गेली, तर हे नातेच पुसले जाते. तेल व वायू उद्योगासाठी यंत्रांचे वर्गीकरण व देखभालीच्या माहितीचे संकलन कसे करावे हे सांगणारे 'आयएसओ १४२२४' हे मानक १९९९ मध्ये आले, त्यामागील गरज या पार्श्वभूमीवर समजते.

५. भारतीय चौकट :

भारतात देखभालीची नोंद ही कायद्याचीही बाब राहिली आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २८ ने माल वा माणसे वर नेणाऱ्या लिफ्टची सक्षम व्यक्तीकडून दर सहा महिन्यांतून किमान एकदा, तर कलम २९ ने वजन उचलणारी यंत्रे व साखळदंड यांची दर बारा महिन्यांतून किमान एकदा तपासणी व तिची नोंद बंधनकारक केली. यंत्रशाळेच्या वहीला यामुळे पुराव्याचे स्थान मिळाले.

हिशेबाच्या वहीची मागणीही हळूहळू सूक्ष्म होत गेली. कंपनी अधिनियम, २०१३ च्या अनुसूची दोन नुसार, एखाद्या मालमत्तेच्या महत्त्वाच्या भागाची किंमत लक्षणीय व आयुर्मान वेगळे असेल तर त्या भागाचा घसारा स्वतंत्रपणे आकारावा लागतो; ही तरतूद १ एप्रिल २०१५ पासून अनिवार्य झाली. म्हणजे टर्बाइनचा रोटर बदलला तर तो दुरुस्तीचा खर्च की नवे भांडवल, हे ठरविण्यासाठी लेखापालाला फोरमनच्या नोंदीची गरज पडते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या वित्तीय वर्षांसाठी कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची बंद न करता येणारी नोंद आवश्यक झाली. देखभाल प्रणालीतून जमाखर्चाच्या नोंदी ईआरपीत जाणार असतील, तर ही साखळी कोठे सुरू होते हे लेखापरीक्षकांशी आधीच बोलून घेणे इष्ट.

महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असे उदाहरण साखर कारखान्याचे. गाळप हंगामात यंत्रे अहोरात्र चालतात व मोठी दुरुस्ती हंगाम संपल्यावर होते. उत्पादन शून्य असते तेव्हा देखभालीचा खर्च सर्वाधिक असतो. उत्पादनाच्या प्रमाणात खर्च वाटणाऱ्या प्रणालीत हे महिने अनाकलनीय दिसतील. हंगामी उद्योगाने प्रणाली निवडताना ही बाब विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकातच तपासून पाहिली पाहिजे.

६. निवडीचे निकष :

उपरोक्त इतिहासावरून पुढील निकष सुचविता येतात.

अ) नोंदीचा धनी : यंत्रांची उतरंड व बिघाडाचा इतिहास यांवर देखभाल विभागाचा, साहित्याचे क्रमांक, शिलकी व खरेदी यांवर भांडार व खरेदी विभागाचा, खर्चकेंद्रे व मालमत्ता मूल्य यांवर लेखा विभागाचा अधिकार असावा. प्रत्येक माहिती एकाच ठिकाणी लिहिली जावी, इतरत्र केवळ वाचली जावी. हे लेखी ठरल्याखेरीज विक्रेत्यांना बोलावू नये.

ब) मालमत्ता व यंत्र यांचे नाते : मालमत्ता नोंदवहीतील एका ओळीला अनेक यंत्रे जोडण्याची सोय प्रणालीत असावी. दोन याद्या एक करणे हे ध्येय नसून त्यांतील नाते टिकविणे हे ध्येय आहे.

क) मागणीचा प्रकार : देखभाल बहुतांशी नियोजित असेल तर ईआरपीचा अंगभूत विभाग पुरेसा ठरण्याचा संभव अधिक. बिघाडांचे विश्लेषण, सुरक्षा परवाने व यंत्राजवळच नोंद करणे हे प्रधान असेल तर स्वतंत्र प्रणालीचा विचार व्हावा.

ड) एका दुरुस्तीचा संपूर्ण प्रवास : प्रात्यक्षिकात कंपनीतीलच एक खरी दुरुस्ती घ्यावी. बिघाडाची सूचना, कार्यादेश, बेअरिंगचा इंडेंट, भांडारातून उचल, न वापरलेला भाग परत करणे, खर्चाची नोंद व कार्यादेश बंद करणे हे सर्व टप्पे दोन्ही प्रणालींत दाखवावयास सांगावेत. भाग परत करण्याच्या टप्प्यावर जोडणीची खरी परीक्षा होते.

इ) जोडणी तुटल्यास : संदेश अडकला तर कोणाला कळेल, तो दोनदा गेला तर खर्च दोनदा पडेल काय, व दर महिन्याला दोन्हीकडील आकडे कोण पडताळील, यांची उत्तरे करारात असावीत.

ई) आयुर्मान : प्रणाली बदलतात. एसएपीने आपल्या जुन्या 'ईसीसी' प्रणालीचा मुख्य आधार २०२७ अखेर थांबविण्याचे फेब्रुवारी २०२० मध्ये जाहीर केले. जुन्या ईआरपीसाठी खास लिहून घेतलेली प्रत्येक जोडणी अशा स्थित्यंतरात पुन्हा तपासावी लागते. म्हणून शक्य तेथे प्रमाणित जोडणीस प्राधान्य द्यावे.

निष्कर्ष :

देखभाल प्रणाली व ईआरपी यांचा उगम दोन भिन्न प्रश्नांतून झाला आणि विलीनीकरणांनंतरही तो भेद नाहीसा झालेला नाही. तो नाहीसा करण्याचा प्रयत्न करू नये, असेच इतिहास सुचवितो. फोरमनला जे सूक्ष्म दिसते ते लेखापालाच्या ढोबळ चौकटीत कोंबले तर वॅडिंग्टन यांना सापडले तसे निष्कर्ष हाती लागणार नाहीत. उलट दोन वह्या परस्परांना अनभिज्ञ राहिल्या तर पायपर अल्फावरील दोन परवान्यांसारखी स्थिती उद्भवते. एकात्मता म्हणजे एकच वही नव्हे. प्रत्येक वहीला दुसरीचे पान ठाऊक असणे म्हणजे एकात्मता होय.

हे काम कोणतेही सॉफ्टवेअर स्वतःहून करीत नाही. फोरमन, भांडारपाल व लेखापाल यांनी खरेदीपूर्वी एका टेबलाशी बसून कोणती नोंद कोणी लिहावयाची हे ठरविले नाही, तर कितीही महाग प्रणाली आणली तरी फिटरच्या खिशातील छोटी डायरी कायम राहते, आणि कारखान्याचे खरे ज्ञान त्या डायरीतच राहून त्याच्याबरोबर सेवानिवृत्त होते. वाणिज्य, व्यवस्थापन व अभियांत्रिकी या शाखांच्या अभ्यासक्रमांत हा विषय एकत्रितपणे शिकविला गेल्यास त्या टेबलाशी बसणाऱ्यांना परस्परांची भाषा निदान परिचित असेल.